हौसेचं मोल

हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. माझ्याकडे वही आहे.

एप्रिल: पुढचा टायर, मागचा टायर, प्रवेश फी,
व्हॅनचं डिझेल, आणि जबाबदारीचा तो कागद
ज्यावर यूनन सही करतो न वाचता
आणि मी वाचते, सही न करता.

टायरोनमधले हे रस्ते एरवी गाईंचे,
शाळेच्या बसचे, सावकाश निघालेल्या प्रेतयात्रांचे.
शनिवारी दहा वाजता एक माणूस
नाक्यावर आडवा दोर बांधतो
आणि त्याच डांबराचं काहीतरी भलतंच होतं.
टेलिफोनच्या खांबांना पेंढ्याचे भारे आवळलेले,
जणू खांबालाच लागू नये म्हणून.

भाऊ सोमवार ते शुक्रवार दुधाचा टँकर चालवतो,
याच रस्त्यांवर.
त्यामुळे त्याची वळणं नकाशातली नाहीत.
मिसेस लॉक्रनच्या फाटकाशी तिसरा गिअर.
मोडक्या भट्टीपाशी हनुवटी टाकीवर.
डेव्हलिनच्या गोठ्याचा वास आला की ब्रेक.
ताशी दीडशे मैलांवर वास येतो?
येतो, म्हणतो. उन्हाळ्यात जास्त.

मे. सव्विसावा.
जून. अठरावा, आणि क्लचच्या प्लेटा.
शेजारच्या तंबूत अल्विन हॅना, पन्नाशीचा, प्लंबर.
आम्ही त्याच्याकडून एक स्पार्क प्लग घेतला,
त्यानं आमच्याकडून साखर.
जुलैत त्याची जागा मोकळी.
मेला नाही. कुंपणातून थेट बटाट्यांत गेला,
कंबर तीन ठिकाणी.
शुद्धीवर येऊन पहिलं विचारलं,
बटाट्यांचे पैसे कुणी दिले?
वहीत देण्याच्या बाजूला लिहिलंय: प्लग, एक.
फेडायला गेले तर म्हणाला, राहू दे,
देणं असलं की माणूस परत येतो.

माझं काम फळा धरायचं.
कठड्यावरून हात बाहेर, प्लास्टिकचे पिवळे आकडे.
एक फेरी पाच मिनिटांची.
त्यातला अर्धा सेकंद तो माझा भाऊ असतो,
उरलेला वेळ नुसता आवाज,
टेकडीमागे बारीक होत जाणारा,
मग तोही नाही.
तेव्हा मी खिशातले आकडे चाचपते.
आवाज परत कानावर आल्याशिवाय
फळ्यावर आकडा लावायचा नाही.
बाकीच्यांना वाटतं, मी संथ आहे.

ऑगस्ट. सातवा!
क्लबच्या सेक्रेटरीनं पाकीट दिलं, पस्तीस पौंड.
जमेच्या बाजूला वर्षातली पहिली ओळ.
कातडी सूट उतरवायला मदत करताना पाहिलं,
डावा खांदा पांढराफटक.
लॉक्रनबाईंची भिंत.
कुणी कुणाला चुना लावला, मी विचारलं नाही.
तो सँडविच खात होता, दोन्ही हातांनी,
आणि हात थरथरत होते, सँडविच नाही.

आई शर्यतीला येत नाही.
त्या दिवशी ती चर्चच्या हॉलमध्ये कप विसळते,
तिथली खिडकी रस्त्याकडे नाही.
सातवा, मी सांगितलं.
कितीजणांत? म्हणाली, आणि पुसलेलाच कप पुन्हा पुसला.

सप्टेंबर. धुकं.
दुपारपर्यंत सगळे व्हॅनमध्ये बसून.
टायर गरम, चहा गार.
तीन वाजता दोर सोडले
आणि रस्त्यानं पहिला निघाला तो एक ट्रॅक्टर.
प्रवेश फी परत मिळत नाही.

बेरीज मी दोनदा केली.
मग वही मिटली, कारण तिसऱ्यांदाही तीच आली असती.

सोमवारी त्याच्यासोबत टँकरमध्ये बसले,
डॉक्टरकडे जायचं होतं, वाटेत सोडणार होता.
मागे हजारो लिटर दूध, ताशी तीस मैल.
लॉक्रनबाईंच्या फाटकाशी
त्यानं गिअर बदलला. गरज नव्हती.
बाई शिडीवर होत्या, हातात ब्रश.
भिंत पांढरी झालेली, टोकापासून टोकापर्यंत,
मधला हातभर काळा ओरखडा सोडून.
त्याच्या कडेकडेनं नीट रंगवलेलं होतं,
दाराच्या चौकटीभोवती रंगवतात तसं.

यूननने दोन बोटं वर केली, स्टिअरिंगवरूनच.
बाईंनी ब्रश.

चुन्याचे किती झाले, मी परतताना विचारलं.
त्यांनी आकडा सांगितला नाही.
तेवढी एक ओळ अजून कोरी आहे.