दोन ते आठ

मांजरीच्या गोदामात माझं काम एवढंच :
पेटी बंद व्हायच्या आधी तिच्यात
काडेपेटीएवढं एक यंत्र ठेवायचं
आणि ती पोचेपर्यंत
इथे बसून तिचा ताप बघायचा.
दोन ते आठ अंश. त्याच्या आत सगळं ठीक.

या खेपेला दोनशे पेट्या, इन्सुलिनच्या.
विमानात चार. ट्रकमध्ये साडेचार.
मग एका पुलाअलीकडे ट्रक थांबला.

पुलाच्या या टोकाला एकांच्या बंदुका,
त्या टोकाला दुसऱ्यांच्या.
एकाचा शिक्का कागदावर असला
की दुसऱ्याला तो गुन्हा वाटतो.
दवाखाना पलीकडे आठ किलोमीटरवर.
म्हणजे हडपसर गाडीतळाहून स्वारगेट.
सकाळच्या गर्दीतसुद्धा पाऊण तास,
आणि त्या रस्त्यावर तर कुणीच नव्हतं.

पहिला दिवस : सहा.
दुसरा : सात पॉइंट आठ.
पोकळेसाहेब म्हणाले, कागद परत पाठवा.
पाठवले.
कागदांना ताप येत नाही.

इद्रिस कोंढव्यात राहतो, एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला,
संध्याकाळच्या पाळीला आमच्याकडे असतो.
अरबीतली उत्तरं तोच वाचून दाखवतो :
यादीत सुया आहेत. त्या कशासाठी, ते लिहा.
मी सांगितलं, टोचायला.
तो थांबला. ताई, हा शब्द नको.
मग लिहिलं, रुग्णांसाठी.
तासाभराने उलट आलं :
कोणाचे रुग्ण?

तिसरा दिवस गुरुवार. आमच्याकडची वीज गेली.
घरी फोन करून सांगितलं,
सासूबाईंची कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून
माठाला टेकवून ठेव.
साडेचारला पंखे फिरले.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.

पडद्यावर अकरा.
एकोणीस.
रात्री एकतीस, लाल.
पहाटे अचानक सव्वीस,
आणि दोन तास सव्वीसच.
मला कळेना, जनरेटर तर कधीच बंद पडलेला.
नंतर समजलं, हमदान नावाच्या चालकाने
आपलं पिण्याचं पाणी पोत्यांवर ओतलं होतं.
ते संपल्यावर आकडा पुन्हा चढला.

चौथ्या दिवशी सोडलं. का सोडलं, माहीत नाही.
आता फॉर्मवर दोनच चौकटी,
योग्य, अयोग्य,
आणि खाली माझी सही.
पुस्तक म्हणतं, फेकून द्या.
गेल्या मे महिन्यात सासूबाईंची कुपी
अख्खी दुपार खिडकीत राहिली होती.
वापरली. दुसरी आणायला
दुकान दीडशे पावलांवर होतं, तरी वापरली.

दवाखान्यातून फोन आला. बाई होत्या, डॉक्टर.
इद्रिस मधे उभा.
त्यांनी विचारलं, तिशीच्या वर किती तास?
मी सांगितलं, सगळे मिळून अकरा तास वीस मिनिटं.
मागे कुणीतरी खाट ओढत होतं,
लोखंडी पायाचा आवाज फरशीवरून इथपर्यंत आला.
मग त्या काहीतरी बोलल्या, दोन-तीनच शब्द.
इद्रिसने त्यांचं मराठी केलं नाही.
फोन ठेवला आणि बाटलीतलं पाणी न पिता
तसाच हातात धरून बसला.

फॉर्म अजून माझ्या टेबलावर आहे.
दारात नवी गाडी लागली होती, हमाल हाका मारत होते.
पहिली पेटी उघडली, यंत्र ठेवलं,
बटण दाबलं.

चार.