नऊ नंबर

बत्तीस वर्षं मी जालन्याच्या एमआयडीसीत वजनकाट्यावर बसलो.
ट्रक चढायचा, आकडा थरथरायचा, थांबायचा,
मी पावती फाडायचो.
भंगाराला तोंड नसतं असं आम्ही धरून चाललेलो.
सायकलींच्या चौकटी, बोअरचे पाइप, कडबाकुट्टीची पाती,
लातूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या डाळ मिलची चाळणी,
सगळं एकाच भाषेत बोलायचं, किलोत.

आता कुंडलिकेच्या अलीकडं, जिथं नुसत्या बाभळी होत्या,
शिल्पांची बाग झालीय.
तिकीट दहा रुपये, म्हाताऱ्यांना माफ.
मी माफीतला.

सतरा शिल्पं, सगळी हौसा सोळंकेची.
बाई मला ठाऊक आहे.
हिचा बाप गावोगाव पाल ठोकून विळे-खुरपी करायचा,
म्हणजे तो सांडशीत लोखंड धरायचा,
घण आई मारायची. पोटुशी असली तरी आईच.
हौसा भात्यावर.
पुढं ती कुठं शिकली, कुणी शिकवलं, मला माहीत नाही.
काट्यावर आली तेव्हा पन्नाशीची होती, कोपरापर्यंत भाजल्याचे चट्टे,
ट्रकवर चढून एकेक तुकडा उलटून बघत होती
बाजारात वांगी बघावीत तशी.
मी म्हणालो, बाई, कामून निवडता? भाव तर सारखाच.
ती म्हणाली, "भाव सारखाय. वाक सारखा नाही."

त्या दिवशी माझ्या दोन गाड्यांच्या पावत्या चुकल्या.

नववं शिल्प. पाटीवर नाव नाही, नुसता नऊ.
तीन पुरुष उंच.
नांगराचे फाळ असावेत, एकाच्या पाठीवर एक चढत गेलेले,
आणि मध्येच एक जाड पत्रा असा वळलेला
की ओली सतरंजी दोघांनी दोन टोकांना धरून पिळावी
आणि पीळ अर्धा असतानाच
दोघांनाही कुणी तरी हाक मारावी.

अंबडहून सहलीला आलेली पोरं विचारतात, सर, हे काय आहे?
सर म्हणतात, मोर.
एक मुलगी म्हणते, मोर नाही, मोराला बसायची जागा.
रखवालदार खाजामियाँ म्हणतो, दुपारी ह्याच्या सावलीत
चार शेळ्या मावतात. पाचवी भांडते.

मी सवयीनं अदमास घेतला: एक टन दोनशे चाळीस.
उत्तरेकडून फिरून आलो तर आठशे.
पुन्हा समोर आलो,
मधल्या पोकळीतून एक घार आरपार गेली
आणि आकडा थांबेचना.
काट्यानं मला असं कधी केलं नव्हतं.

तिनं जोड घासून गुळगुळीत केलेले नाहीत.
माझ्या हर्नियाच्या टाक्यांसारखे आहेत तसे ठेवलेत,
जाड, थोडे तिरपे,
बघणाऱ्याला लाज वाटली तर वाटो.
एक फाळ ओळखीचा वाटला.
वाटला, एवढंच म्हणतो. माझ्यासमोरून किती गेले.

मे महिना. हात लावू नये अशी पाटी आहे,
तिची गरज नव्हती. दिवसा ते काम लोखंडच करतं.

सातच्या सुमाराला ऊन उतरलं.
मी निघालो, तर खाजामियाँ म्हणाला,
थांबा की जरा, आता बोलंल.

टक.
मग बराच वेळ काही नाही.
मग वरून कुठून तरी, टक, टक.

लोखंड निवत होतं, आखडत होतं. मला कळतं ते.
काट्याचा पूलसुद्धा पौषात आखडायचा,
आम्ही चार किलो सोडून द्यायचो.
पण हा आवाज मी काट्यावर नाही ऐकला.
लहानपणी ऐकलाय, वेशीबाहेरच्या पालासमोर,
विळ्याला धार लावून घ्यायला गेलो होतो तेव्हा.
घण थांबलेला. ती बाई तांब्यानं पाणी पीत होती,
गळ्यावरून पाणी ओघळत होतं,
आणि ऐरणीवर तो विळा एकटाच
हळूहळू काळा होत होता.

खाजामियाँनं फाटक ओढलं.
वाटेत रिक्षावाला म्हणाला, काका, त्या बागेत
बघण्यासारखं काय आहे?
मी म्हणालो, सातला जा.