दोन शिंगांचा अडॅप्टर

राउटर पुढच्या खोलीत, शोकेसच्या वर.
कॉम्प्युटर मागे, जिथे आधी गव्हाची कोठी होती.
मधे दोन भिंती, एक फ्रिज
आणि सुमनची अट:
आत्ताच रंग दिलाय, भोक पाडायचं नाही,
वायर उंबऱ्यावरून न्यायची नाही,
मागच्या वेळी मीच तोंडावर पडले होते.

म्हणून जेलरोडवरून बस धरली.
द्वारकेच्या सिग्नलला वीस मिनिटं.
शालिमारला उतरून वकीलवाडीत चालत.

काउंटरवर एक मुलगी, बिल्ल्यावर ‘ह. बोरस्ते’.
तिने काचेवर तीन नग मांडले.
पहिला नखाएवढा, साडेतीनशेचा.
हा हरवेल, मी म्हणालो.
काका, एकदा लावला की काढायचाच नसतो.
दुसरा कार्डाचा, डबा उघडून आत बसवायचा.
डबा मी एकदाच उघडलाय,
आत झुरळाचा संसार होता.
तिसरा दोन शिंगांचा, नऊशे वीस.

तो मी उजेडाकडे धरून पाहिला.
तेहेतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या,
हाताची सवय जात नाही,
मंडईत लिंबूसुद्धा मी आधी उजेडाकडे धरतो.
ती हसली नाही. बरं वाटलं.

म्हणाली, ह्याच्यात दोन पट्टे असतात.
एक जोरात पळतो, पण भिंत आली की बसतो.
दुसरा सावकाश, पण भिंतीतून जातो.
तुमच्याकडे भिंती किती?
दोन, मी म्हणालो.
तिसरी आठवली. पण ती
तिच्या कामाची नव्हती.

घरी आलो तर खोक्यात सीडी,
आणि आमच्या डब्याला सीडीचं तोंडच नाही.
इंटरनेट यायला ड्रायव्हर लागतो,
ड्रायव्हर आणायला इंटरनेट.
शेवटी मोबाइल वायरने जोडून
एकाची भीक दुसऱ्याला घातली.
शिंगांमधला निळा दिवा लुकलुकला,
आणि खालच्या कोपऱ्यात गल्ली उघडली:
‘चांदवडकर वरचा मजला’,
‘फुकट मिळणार नाही’,
‘साई टेलर्स’, जे दुकान कधीच बंद झालं.

सगळ्यांच्या वर ‘गायधनी १’.
पाचही रेघा भरलेल्या.
आमचा ‘गायधनी २’ चौथा, दोन रेघा.
आकडे केबलवाल्याने घातले,
थोरला आधी, एवढंच त्याला ठाऊक.

कंपाउंडच्या भिंतीला सात वर्षं झाली.
विटा अर्ध्या त्याच्या, अर्ध्या माझ्या,
सिमेंटवरून भांडण, मग तेही नाही.
वहिनी गेली तेव्हा मी फाटकापाशी उभा होतो,
आतून कोणी बोलावलं नाही,
मी खोकलोही नाही.

दर नोव्हेंबरला रिटायर झालेली मंडळी
माझ्याकडे येतात, हयातीचे दाखले भरायला.
साळवे, पिंगळे, कानाने बहिरा झालेला जाधव.
केदूचा दाखला कोण भरतं, माहीत नाही.
पाचही रेघा. म्हणजे लाइट आहे,
यंत्र चालू आहे,
कोणीतरी बटण दाबून ठेवलंय.

त्याच्या नावावर क्लिक झालं.
पासवर्ड विचारला.
असेल त्याचा टोकन नंबर, दुसरं काय असणार,
चावी कुंडीखाली ठेवून
कुंडी कोणती ते विसरणारा माणूस.
पहिले दोन आकडे टाइप झाले.

लागलं का? सुमन दारात.
लागतंय.
दोन्ही आकडे खोडले,
खाली आलो, चौथ्या ओळीवर.
शिंगं फिरवून पाहिली.
एक वळलं राउटरकडे.
दुसऱ्याची खुंटी घट्ट आहे,
ते कंपाउंडकडेच तोंड करून राहिलं.
तीन रेघा आल्या. पुरे.

ट्रायल म्हणून साळव्यांचा फॉर्म उघडला.
नाव. जन्मतारीख. खाते क्रमांक.
आणि खाली, तांबडी चांदणी लावलेला,
भरल्याशिवाय पुढे जाऊ न देणारा रकाना:
सदर व्यक्ती हयात आहे काय?