मत्रह, लिस्बनहून आल्यावर

बॅगा अजून रुवीच्या हॉलमध्येच पडल्यात.
जीन्सच्या खिशातलं ट्रामचं तिकीट
धुण्यात लगदा झालंय.
नऊ दिवसांत काय काय बघितलंस, विचारलं
तर विहंग सांगतो: हॉटेलची लिफ्ट,
एक लंगडं कबूतर,
आणि खोलीतल्या किटलीत उकडलेली अंडी.
चर्चं, मनोरे, निळ्या फरशांच्या भिंती
सगळं माझ्या एकटीच्या पदरात,
शिवाय चढावरच्या दगडी गल्ल्यांनी
शाल्मलीच्या टाचेला दिलेला फोड.

गुरुवारी संध्याकाळी समुद्राकाठी आलो.
हवा म्हणजे कुणी ओला टॉवेल तोंडावर दाबलेला.
टेकडीवरच्या किल्ल्याकडे बोट करून विहंग म्हणाला,
"हा तिथल्याचा धाकटा भाऊ."
शाल्मलीनं पाटी वाचली. खरंच, तेच लोक.
"आमच्या रेवदंड्यालाही तेच," हे म्हणाले,
"त्यांच्या तटावर आत्या सोडे वाळवायची."

विहंगनं आइस्क्रीम चाटायचं थांबवलं.
"ते इथे किती वर्षं होते?"
"शंभरावर. दीडशेला थोडी कमी."
"बापरे! एवढा व्हिसा दिला कुणी?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.
आमचा मार्चमध्ये संपतो.
कंपनीनं अजून कागद मागितलेले नाहीत,
हा विषय तिथे नऊ दिवस
दोघांनीही काढला नव्हता.

बंदरात एका जहाजानं भोंगा दिला.
"खा लवकर," मी म्हणाले,
"मनगटापर्यंत ओघळलंय."