सतरावं पान

त्याचं काम एवढंच होतं:
वार्डोच्या धक्क्यावर, नोव्हेंबरच्या काळोखात,
खुंट्यावरचा दोर काढायचा, पाण्यात टाकायचा,
आणि म्हणायचं, "सुटली."

मग बोट निघणार होती
आणि बोटीवरचा माझा नायक हेनिंग
(वय सव्वीस, खिशात मेलेल्या बापाचं घड्याळ,
नावावर माझे तीनशे पानांचे बेत)
दक्षिणेकडे जाणार होता, जगायला.

दोरवाल्याला मी नावसुद्धा दिलं नव्हतं.
वहीत लिहिलेलं: धक्क्यावरचा माणूस. म्हातारा. ओला.
फक्त जाता जाता, जरा चव यावी म्हणून
डाव्या हाताचं एक बोट कमी केलं.
आमटीत गुळाचा खडा टाकावा, तसं.

रात्री दीड वाजता तो विचारतो,
"माझं बोट कुठे गेलं?"

म्हटलं, विंचमध्ये.
"नाही."
म्हटलं, थंडीनं झडलं. माशानं नेलं. युद्धात.
तो हसला नाही, रागावलाही नाही.
हातातला मोजा काढून माझ्या कागदांवर ठेवला.
करंगळीशेजारचं बोट आत दुमडून शिवलेलं,
बारीक टाके, एकासारखा एक.

हे मी लिहिलं नव्हतं.

इतके सारखे टाके कोण घालतं?
टाक्यांमागून बहीण आली, ओलाउग,
आयुष्यभर जाळी विणलेली, आता डोळ्यांनी अधू.
बहिणीमागून घर आलं,
बंदराकडची एकच भिंत पिवळी,
कारण रंग तेवढाच पुरला होता.
घरात रेडिओ. रेडिओवर वाऱ्याच्या बातम्या.
त्या तिला ऐकू येतात, पण त्यानंच सांगाव्या लागतात,
नाहीतर तिचा वाऱ्यावर विश्वास बसत नाही.
ओसरी दिली होती मी त्याला, एका ओळीची.
त्यानं हातपाय पसरले,
वर विचारतो, चुलीला लाकडं आहेत का?

नाव त्यानंच सांगितलं. इंगवाल्ड.
मी दुसरं ठरवत होते. त्याला ते घट्ट होत होतं.

इकडे हेनिंग डेकवर उभा.
घड्याळाला किल्ली देतोय, पुन्हा देतोय.
मी त्याला कॉफी पाठवली. दुसरी पाठवली.
उतारूंच्या भुवयांवर बर्फ धरला.
मी शंभरदा लिहिलं, *त्यानं दोर सोडला*,
आणि शंभरदा सकाळी पाहिलं तर
दोर खुंट्याला, गाठ आणखी एक वाढलेली.

ट्रोम्सोहून प्रकाशकाचा फोन.
"बोट कुठे गेली?"
इथेच आहे, म्हटलं.
"आणि पुस्तक?"
तेही.
तिकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाला, "मार्चपर्यंत." ठेवला.

दोन महिने सूर्य नव्हता. लिहायला बरं असतं.
जानेवारीत तो टेकडीमागून जेमतेम डोकावला
तेव्हा शाळा सुटली, गावभर गोड पाव वाटले गेले,
आणि माझ्या परवानगीशिवाय
हेनिंग बॅग घेऊन बोटीवरून उतरला.
त्याला भूक लागली होती.
तीनशे पानांत मी त्याला
एकदाही भूक दिली नव्हती.
ओलाउगनं त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला
आणि म्हणाली, "बस. वारा उत्तरेचा आहे."

सतराव्या पानावर आता तोच असतो.
पाव खातो. आभार मानतो.
एक ओळ.

बोटाचं इंगवाल्डनं अजून सांगितलेलं नाही.
मी विचारणं सोडलं. एवढाच दोर सुटला.

पण मोजा विरलाय, आणि ओलाउगला टाका दिसत नाही.
काल दुकानात जाऊन करडी लोकर मागितली.
बाईनं विचारलं, "किती? कुणाच्या हाताची?"

मोठ्या हाताची, म्हटलं.
डाव्याला थोडी कमी लागेल.