पडण्याचं कारण

माघातली सांज अजून पुरती उतरली नव्हती
आणि कवेलूंवर कुणी बोरं ओतावीत तसा आवाज.
आधी बोरांएवढ्या, मग आवळ्यांएवढ्या.
शेळी दोर तोडायला निघाली,
सांदवाडीत दिवसभर वाळलेल्या गवऱ्या तशाच उघड्या,
आणि घरात माणूस म्हणजे मी
आणि एक कोंबडी, खुडूक.

डोक्यावर पितळी परात धरली.
तिच्यावर जे वाजलं
ते माझ्या लग्नातही वाजलं नव्हतं.
दोन पाट्या गवऱ्या आत टाकल्या.
तिसरीच्या वेळी, तुळशीपासून तीन पावलांवर,
पाय माझ्या आधी निघून गेला.

पडताना काय वाटतं, विचारतात बाया.
काही नाही वाटत.
आभाळ दिसतं.
कितीतरी वर्षांत मी ते असं उताणं होऊन पाहिलं नव्हतं.
परात गडगडत गेली नळापर्यंत
आणि गवऱ्या माझ्याभोवती
बोलावल्यासारख्या बसल्या.

शेजारची सिंधू धावत आली, पोतं पांघरून.
"कशानं पडली व काकू?"
"बर्फावरून."
ती आधी हसली,
मग माझं मनगट बघून गप्प झाली.

बर्फ.
आमच्या लाखोरी-जवसाच्या मुलखात
बर्फ सायकलवर येतो, भुशात गुंडाळून,
आणि पाच रुपयांत लाल-हिरवा होतो.
एकदा मात्र टेम्पोतून आला होता, चार लाद्या,
माय गेली तेव्हा.
भाऊ सुरतेहून निघालेला, गाडी उशिरा.
रात्रभर मी त्या लाद्यांशेजारी बसले,
मायच्या पायांवरची चादर सारखी सारखी नीट करत,
जणू तिला थंडी वाजेल.
सकाळी अंगणभर पाणी.
लोक एकमेकांना म्हणत होते, जपून, निसरडं हाय.
तेव्हा मी पडले नाही.
पडायला वेळ कुठे होता,
सतरंज्या कुणाकडून आणू, पाव्हणे कुठे बसवू.

साकोलीच्या दवाखान्यात डॉक्टर पोरसवदा.
फोटो उजेडाकडे धरून म्हणाला, मोडलंय.
कागदावर कारण लिहायचं होतं.
मी सांगितलं, बर्फ.
"मावशी, काश्मीरला गेल्या होत्या का?"
आणि त्यानं लिहिलं: घरी घसरून.

मला ते रुचलं नाही.
घरी तर मी नेहमीच घसरते,
नळाजवळच्या शेवाळावर, साबणाच्या पाण्यावर, कोठ्यातल्या मुतावर,
त्याचे कागद कुणी केले?
यंदा आभाळानं खास धाडलं होतं
तर निदान त्याचं नाव तरी लिहावं.

दीड महिना प्लास्टर.
डोमा चहा करायला शिकला,
वयाच्या छपन्नाव्या वर्षी.
पत्ती कुठं हाय, साखर कुठं हाय, गाळणी कशाले म्हणते?
मी बाजेवरून बोट दाखवते, उरलेल्या हाताचं.
सकाळी तो सडा टाकतो तेव्हा सपरीतून बघते:
टाच आधी, मग बोटं, एक हात हवेत,
सगळं अंगण काचेचं असल्यासारखा.
त्याच अंगणातून चौतीस वर्षं
मी भरला गुंड घेऊन धावले.
त्याला सांगत नाही.
चालू दे त्याला तसंच थोडे दिवस.

एक सांगायचं राहिलं.
त्या संध्याकाळी तो बाजारातून आला,
कुणाची तरी फटफटी मिळेपर्यंत
मी हात मांडीवर ठेवून बसलेली, दुसऱ्याचा असावा तसा.
काय बोलावं ते त्याला सुचेना.
बॅटरी घेऊन अंगणात गेला,
वाकून वाकून शोधत राहिला,
आणि वाटीत एक गार घेऊन आला.
"हे पाय. हिच्यावरूनच पडली असशीन."
माझ्यापर्यंत येता येता ती निम्मी झाली होती,
डोळे पुसून बघेस्तोवर
वाटीत घोटभर पाणी.

"फेकू का?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, शेळीला पाज.
केवढी भ्यायली होती ती.