थोरली बाव, नमुना तिसरा

खानापूर रस्ता सोडून आत, जिथं प्लेटिंगच्या शेड संपतात
आणि गवताच्या बुडाशी हळदीसारखा रंग दिसतो
(हळद नव्हे, हे इथं पोरांनाही ठाऊक आहे),
तिथं भावकाण्णा मुचंडीकरांची थोरली बाव.
कानडीत बावी.
एका वेलांटीचं अंतर.

मी रिक्षातून आणलेलं सामान:
मासळी बाजारातला बर्फ, चहाचा थर्मास, लॅपटॉप,
आणि ते यंत्र, खडूच्या पेटीहून लहान.
"एवढंसं?" भावकाण्णा म्हणाले.
"मला वाटलं, ट्रकातनं येणार."

तीन लिटर पाणी गाळलं.
कागदावर उरला एक पिवळा डाग
आणि एक कोळ्याचा पाय.
नळीला आधी तीस अंश लागतात, मग ऐंशी.
तीस मी मुठीत धरून दिले,
ऐंशी थर्मासातल्या पाण्यानं.
आमचे सर हे ऐकतील तर डोळे मिटून घेतील.

मग सांगितलं, जमेल तसं:
या काचेखाली पडदा आहे, पडद्याला भोकं,
डोळ्याला कधीच न दिसणारी.
जंतूच्या पोटातला दोरा एकेका भोकातून ओढला जातो
आणि जाताना वीज किंचित अडखळते.
त्या अडखळण्यावरून अक्षर ओळखायचं.
अक्षरं चारच. काना नाही, मात्रा नाही.

"कानडी की मराठी?"

मी हसले. ते हसले नाहीत.
पंचवीस वर्षं ऑफिसातला प्रत्येक कागद
त्यांनी शेजारच्या कल्लव्वाकडून वाचून घेतलाय.

पडद्यावर आकडा आला:
एक हजार एकशे बारा भोकं जिवंत.

"माझं एक धरलीस काय त्यात?"
बॅटरी मागून घेतली, मान मागं टाकली,
आणि एका नाकपुडीत धरलेला उजेड
दुसरीतून बाहेर आला.
क्रोमच्या टाकीवर एकवीस वर्षं.
तोंडाला फडकं. शनिवारी कंपनीकडून गूळ.
"वास तर त्याच्या आधीच गेला.
पाणी वास मारतंय म्हणून बायको सांगाय लागली,
तर मी तिलाच भांडलो."

बाराला वीज गेली. लॅपटॉपात सदतीस टक्के.
आम्ही दोघं आकडा वाढताना बघत बसलो,
भट्टीवर नजर ठेवावी तसे.
नावं लांबलचक होती, मी ती वाचली नाहीत.
एवढंच म्हटलं: यात एक जात आहे,
हवा संपली की ती तुमच्या टाकीतलं तेच विष
श्वासासारखं वापरते.
पिवळं आत, हिरवट बाहेर. जरा कमी जहाल.

"पगार?"

मी पुन्हा हसले. या वेळी तेही.

"किती हाईत असल्या?"
मागच्या भाद्रपदात शंभरात दोन. आज नऊ.
"म्हणजे पाणी सुधारतंय की."

इथं मी थांबले.
कारण यंत्र जंतू मोजतं,
आणि नऊ म्हणजे सुधारणा
असं मला लिहून देता येत नाही.
"म्हणजे," मी म्हटलं, "त्यांना अजून खायला भरपूर आहे."

रहाटाच्या दोरावर हात ठेवून
ते बराच वेळ आत बघत राहिले.
आत काही दिसत नाही. एक पाकोळी
घिरटी घालून बाहेर आली, तेवढंच.

फॉर्मवर रकाने आहेत: गाव, तालुका, अक्षांश, खोली.
विहिरीच्या नावाला नाही.
मी नळीवरच मार्करनं लिहिलं, थोरली बाव, तीन.
भोकं तोवर मरत आली होती, साडेचारशे उरली,
ती तशी मरतातच, त्यात काही बिघाड नाही.

निघताना पेटीतल्या बर्फाचं पाणी मी ओतणार,
तर त्यांनी हात आडवा धरला.
"बाहेरचं पाणी हाय. टाकू नको."
ओंजळीत घेऊन तोंड धुतलं, मान धुतली,
उरलेलं कढीपत्त्याच्या मुळाशी.
मासळीचा उग्र वास होता त्याला.
मी काही बोलले नाही.